मागचा पडदा कोण ठरवणार?

मराठवाड्यातली बाई उरलेल्या महाराष्ट्राला आजवर बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या संकटापुढे उभी असलेलीच दिसली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे गेली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिचे फोटो छापून आले ते दगडमातीच्या ढिगाऱ्यापुढे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा कॅमेरे पुन्हा आले, आणि या वेळी तिच्या मागे घागरींची रांग होती. ढिगारा खरा होता, घागरीही खऱ्याच होत्या. पण आपल्याला कशापुढे उभे करायचे हे तिने ठरवलेले नव्हते. भूकंपानंतर याच भागातल्या महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून गावोगाव हिंडल्या, भूकंपात टिकेल असे घर कसे बांधायचे ते शिकल्या, घरदुरुस्तीच्या कामावर त्यांनी लक्ष ठेवले. बांधून होत आलेल्या भिंतीपुढे ताठ उभ्या राहिलेल्या या बायकांचे फोटो आपल्यापैकी किती जणींनी पाहिले आहेत?

हा प्रश्न आज नव्याने विचारण्याचे कारण आहे एक हिरवे कापड. टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणारी बाई नकाशापुढे उभी दिसते. प्रत्यक्षात तिच्या मागे बहुधा साधा हिरवा पडदा असतो. यंत्र चित्रातला हिरवा रंग तेवढा ओळखून काढून टाकते आणि त्या जागी नकाशा बसवते. हे काम एकेकाळी मोठ्या स्टुडिओतच होई. आज ते नांदेडच्या किंवा लातूरच्या दहा बाय बाराच्या खोलीत होऊ शकते. शिकवणीवाले, लग्नाचे शूटिंग करणारे, निवडणुकीचे उमेदवार या सर्वांना ते आता उपलब्ध आहे. मग बायकांच्या गटांनी ते करावे का, आणि करायचे तर यंत्र कोणाच्या ताब्यात असावे? माझे मत असे, की करावे, लवकर करावे, आणि यंत्राचे बटण पहिल्या दिवसापासून बाईच्याच हातात असावे.

पडदा तसा आपल्याला नवा नाही. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत रंगवलेला पडदा असायचा. त्यावर बाग, कारंजे, कधी ताजमहाल. लग्नाला आलेल्या मुलीला त्यापुढे उभी करून फोटो काढला जाई आणि तो फोटो स्थळांकडे फिरे. पुढे लग्नाच्या कॅसेटी आल्या. मिक्सिंगवाला नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलात बसवायचा, तिने जन्मात न पाहिलेले बर्फाचे डोंगर तिच्या मागे टाकायचा. पैसे बापाने दिले, बटण मिक्सिंगवाल्याने दाबले, आणि नवरीला तिचे हे रूप कळले ते सगळ्यांबरोबर, कॅसेट लावल्यावर.

सिनेमाच्या इतिहासातही वेगळे काही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला, तो जवळजवळ घरगुती कारखान्यातून. सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोके पाडत, फिल्म धुण्याची रसायने कालवत, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. पडद्यावर मात्र तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, कारण बाई मिळाली नाही. फाळक्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो. त्यांच्या घरातल्या या कामाला काय म्हणायचे ते अजून ठरलेले नाही.

घर न दाखवता बोलण्याची सोय

कार्यकर्त्यांच्या दृष्टीने या कापडाचा पहिला उपयोग सुरक्षिततेचा आहे. बलात्कारपीडित स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड विधानाचे कलम २२८ अ त्यासाठी होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. पण ओळख म्हणजे फक्त नाव आणि चेहरा नव्हे. चेहरा पुसट केलेल्या चित्रातही मागे दाराची चौकट दिसते, तुळशीवृंदावन दिसते, भिंतीवरचा विजेचा मीटर दिसतो. लहान गावात तेवढे पुरते. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलणाऱ्या बाईचे तर असे, की तिच्या घराचा कोपरा दिसला तरी सासरचे लोक ओळखतात.

फोनमध्ये मागचे दृश्य धूसर करण्याची सोय असते, मग कापड कशाला, असे कोणी विचारेल. पण ती धूसर करण्याची क्रिया कधी कधी चुकते. बाई हलली, तिने हात वर केला की क्षणभर मागचे घर दिसून जाते. शिवाय चित्रण झाल्यावर धूसर केले असेल तर मुळातल्या चित्रफितीत घर तसेच राहते. ती फीत कोणाच्या हाती पडली तर सगळे मुसळ केरात. बाईच्या मागे कापड लावलेले असले आणि ते चित्राच्या चारी कडा भरत असले, तर तिचे घर कॅमेऱ्यात मुळी जातच नाही. हा फरक लहान नाही.

अर्थात कापडाने सगळे झाकते असेही समजू नये. आवाज ओळखू येतो. बोलीवरून गाव कळते. बाहेरची देवळाची घंटा, मशिदीची अजान, गल्लीतल्या भाजीवालीची हाळी हेही पत्ता सांगतात. म्हणून जिथे खरोखर धोका आहे तिथे बाईचे शब्द दुसऱ्या कार्यकर्तीने वाचावेत, हेच बरे.

दुसरा उपयोग रोजच्या जगण्यातला आहे. २०२० साली टाळेबंदीत शाळा, शिकवण्या, सभा सगळे फोनवर आले, तेव्हा अनेक बायकांनी आणि मुलींनी कॅमेरा बंद ठेवून भाग घेतला. एका खोलीच्या घरात मागे दोरीवरचे कपडे, चूल, आजारी सासू. घराच्या मागच्या भिंतीवरून जात कळते, ऐपत कळते, आणि ती एकदा कळली की बोलणे ऐकण्याची तऱ्हा बदलते. नांदेड आणि लातूर ही शिकवण्यांची शहरे आहेत. लातूर पॅटर्नचे नाव तर राज्यभर झाले. मोठे क्लास चालवणाऱ्यांकडे स्वतंत्र खोली, दिवे, पडदा सगळे असते. घरी बसून गणित शिकवणारी विधवा किंवा परित्यक्ता बाई त्यांच्याहून कमी शिकवते असे नाही, पण तिच्या मागच्या भिंतीकडे पाहून पालक फी ठरवतात. तिला हे कापड हवे आहे.

तिसरा उपयोग शिबिरांचा. कोर्टात पहिल्यांदा उभी राहणारी बाई कोर्टाच्या खोलीलाच घाबरते. साक्षीदाराचा पिंजरा, उंचावर बसलेले न्यायाधीश, उलटतपासणी करणारा वकील. मागे कोर्टाचे चित्र लावून गटातच हा प्रसंग दहा वेळा करून पाहता येईल आणि स्वतःला पडद्यावर बघता येईल. ग्रामसभेत उठून बोलणे, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यायला लावणे, यांचाही असा सराव होऊ शकतो. १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेच्या 'मुलगी झाली हो' ने नाटकाची ताकद आपल्याला दाखवलेली आहे. नाटकाने चौक आपलासा केला. चौकापर्यंत येता येत नाही अशा बाईसाठी ही जोडवाट आहे.

यंत्र, खोली आणि वेळ

चित्रातला हिरवा रंग काढण्याचे काम दोन तऱ्हांनी होते. एक, संगणकावर. त्यासाठी ओबीएस स्टुडिओसारखी फुकट मिळणारी प्रणाली आहे. पण तिला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो, आणि घरात तो असलाच तर मुलाचा असतो. दुसरी तऱ्हा म्हणजे हेच काम करणारी छोटी स्वतंत्र पेटी, जिला या धंद्यात स्विचर म्हणतात. ब्लॅकमॅजिक कंपनीचा एटेम मिनी हा त्यातला बराच चालणारा नमुना, २०१९ साली निघालेला. कॅमेऱ्याची वायर एका बाजूने आत जाते, पार्श्वभूमीचे चित्र पेटीत साठवून ठेवता येते, आणि दोन्ही जोडलेले चित्र दुसऱ्या बाजूने बाहेर येते. रंगाची जुळणी एकदा संगणक जोडून करून ठेवावी लागते. नंतर समोर बटणे असतात. वीज गेली आणि आली तरी पेटी लगेच सुरू होते. जिथे दिवसातून कधीही वीज जाते तिथे हे महत्त्वाचे आहे. सोबत लहान इन्व्हर्टर ठेवावाच.

माझा कल या पेटीकडे आहे, आणि त्याचे कारण राजकीय आहे. बटणे असलेली वस्तू बायका एकमेकींना हाताने शिकवू शकतात. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने १९८४ मध्ये व्हिडिओ सेवा सुरू केली, तेव्हा कॅमेरा शिकणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही होत्या. आपल्या अगदी शेजारी, लातूरहून बीदरमार्गे पुढे गेले की झहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी कॅमेरे हाती घेतले, बीटी कापसाने शेतकऱ्यांचे काय केले त्यावर चित्रपट केले. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावे दिली आहेत. वरून खाली बघणारा तो पाटलाचा शॉट, खालून वर बघणारा तो गुलामाचा, आणि डोळ्याला डोळा भिडवून समोरासमोर घेतलेला तो संघमचा शॉट. तंत्र शिकताना राजकारण सोडावे लागत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

फोन घरात असेल तर कापड, दिवे, तिकाटणे आणि पेटी मिळून खर्च एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीच्या आत बसतो. एका बाईला तो झेपणार नाही, बचत गटाला झेपेल. पैशांपेक्षा कठीण आहे ती जागा. बाई आणि कापड यांत पाच-सहा फूट अंतर लागते. त्याहून जवळ उभी राहिली तर तिची सावली कापडावर पडते आणि कापडाची हिरवी झाक तिच्या गालांवर, तेल लावलेल्या केसांवर येते. मग यंत्राला बाई कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होते ते समजत नाही. म्हणजे बारा फुटांची लांबी सगळी लागली. एका टोकाला कापड, मध्ये बाई, दुसऱ्या टोकाला दारात कॅमेरा. कापड जाड सुती घ्यावे, चमकणारे साटीन नको, आणि ते सुरकुती न पडता ताणून लावावे. दोन दिवे फक्त कापडासाठी, सगळीकडे सारखा उजेड पडेल असे. बाईसाठी दिवे वेगळे. फोनमधला उजेड आणि रंग आपोआप बदलण्याची सोय बंद करून तो पक्का करावा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवले तर दिव्यांची लुकलुक चित्रात पट्ट्या होऊन उमटत नाही.

आता वेळ. पंखा चालू ठेवला तर कापड हलते आणि आवाज येतो. बंद ठेवला तर एप्रिल-मे मध्ये नांदेडच्या खोलीत दिव्यांपुढे बसवत नाही. सकाळी गारवा असतो, पण सकाळी डबे, पाणी, झाडलोट. ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवशी तर बाईला उसंतच नाही. यंत्राच्या माहितीपुस्तकात यातले काही लिहिलेले नसते. ते पुस्तक लिहिणाऱ्याने असे गृहीत धरले आहे, की खोली वापरणाऱ्याची आहे आणि वेळही त्याचाच आहे. म्हणून गटाने पहिला ठराव यंत्राचा न करता खोलीचा करावा. कोणाच्या घरातली बारा फूट जागा, आठवड्यातले कोणते चार तास, आणि त्या चार तासांत त्या घरची भाकरी कोण थापणार?

हिरव्या चुड्याचे काय?

हिरवाच रंग का, याला कारण आहे. माणसाच्या कातडीत, मग ती गोरी असो वा काळी, हिरवा रंग नसतो. शिवाय डिजिटल कॅमेऱ्यात हिरवा रंग टिपणारे ठिपके लाल किंवा निळ्या ठिपक्यांच्या दुप्पट असतात, त्यामुळे हिरवा स्वच्छ कापला जातो. फिल्मच्या जमान्यात निळा पडदा वापरत. १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद' या इंग्रजी चित्रपटातल्या करामती त्यावरच झाल्या होत्या.

पण हिरवा काढून टाका असे यंत्राला सांगितले की ते बाईच्या हातातला हिरवा चुडाही काढते. हिरवी साडी नेसलेली बाई दिसतच नाही, नुसते डोके आणि हात दिसतात. ज्यांनी हा रंग निवडला त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या बायका नव्हत्या. मग निळा घ्यावा? निळा हा आपल्याकडे बाबासाहेबांच्या चळवळीचा रंग आहे. १४ एप्रिलला निळी साडी नेसून आलेली कार्यकर्ती निळ्या पडद्यापुढे तशीच नाहीशी होईल. यावर उपाय सोपा आहे. एका बाजूला हिरवे आणि दुसऱ्या बाजूला निळे असे दुहेरी कापड शिवून घ्यावे आणि बोलणारी बाई काय नेसून आली आहे ते पाहून फिरवावे. शूटिंगवाला सांगेल, ताई, बांगड्या काढा, साडी बदला. त्याचे ऐकू नये. ज्या बाईला चुडा नको आहे तिने तो आपल्या विचाराने टाकावा, यंत्राच्या सोयीसाठी नव्हे.

कातडीच्या रंगाचेही तसेच. कोडॅकच्या फिल्मवर रंग बरोबर आला की नाही हे तपासायला वर्षानुवर्षे एका गोऱ्या बाईचा फोटो प्रमाण मानला जात होता. आजचे फोन 'सौंदर्य' वाढवण्याच्या नावाखाली चेहरा उजळ करतात. उन्हात राबलेल्या बाईचा रंग जसा आहे तसा यावा म्हणून ती सोय प्रथम बंद करावी, आणि दिवे तिच्या रंगावर जुळवावेत.

खोटेपणाचा आक्षेप

काही मैत्रिणी म्हणतील, की चळवळीचे बळ सत्यात आहे, आपण खोट्या देखाव्यांच्या मागे का लागावे? गरिबीची लाज बाईने का बाळगावी? चूल, भांडी, गळके छप्पर हाच तर तिच्या श्रमाचा पुरावा आहे, आणि घराच्या चार भिंतींतले राजकारण बाहेर काढण्यासाठीच आपण इतकी वर्षे झगडलो. हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. दुसरीही भीती आहे. ज्या तंत्राने आपण मागचे घर बदलतो त्याच्याच भाऊबंद तंत्राने मुलींचे चेहरे नको त्या शरीरांवर चिकटवून त्यांना धमकावले जाते.

याचे उत्तर तंत्र टाकून देण्यात नाही, नियम करण्यात आहे. मला पाच नियम आवश्यक वाटतात. पहिला, पार्श्वभूमी बदललेली असेल तर चित्रफितीवर तसे मराठीत स्पष्ट लिहावे. दुसरा, पोलिसांत किंवा कोर्टात पुरावा म्हणून जाणाऱ्या चित्रणाला हे कापड कधीही लावू नये. मोडलेले दार, जळालेली साडी, अंगावरचे वळ जसेच्या तसे, न कापता ठेवावेत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्रही लागते, तेव्हा वकिलाला आधीच विचारावे. तिसरा, बोलणाऱ्या बाईने तयार चित्रफीत पाहिल्याशिवाय आणि हो म्हटल्याशिवाय ती बाहेर जाऊ नये. तिने नको म्हटले तर कारण विचारू नये. चौथा, मूळ चित्रण गटाच्या कपाटात कुलपात राहावे, कोणाच्या खाजगी फोनमध्ये नाही. पाचवा, यंत्राचे बिल बाईच्या किंवा बचत गटाच्या नावावर असावे. नाहीतर वर्षभराने कोणाचा तरी भाचा ते घेऊन लग्नाच्या सीझनला जाईल आणि गटाला महिनाभर परत मिळणार नाही.

आणि घर दाखवायचे की नाही, हे बोलणाऱ्या बाईवर सोडावे. जिला आपली चूल दाखवायची आहे तिच्या मागचे कापड काढून ठेवावे. कार्यकर्त्यांनाही हा नियम लागू आहे. आपणही आपल्या अहवालांसाठी बाईला घागरींपुढे उभी करतो, कारण देणगीदारांना तसे फोटो हवे असतात.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमांचे शिक्षण मिळते, तिथे शिकणाऱ्या मुली या कामात गटांना मदत करू शकतील. पण शिकवून झाले की त्यांनी बटण सोडावे. दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांनी पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात: कापड कोणाच्या घरी लागेल, बिल कोणाच्या नावावर होईल, आणि पहिल्यांदा बोलायला कोण बसेल. तिच्या मागे कोणते चित्र लावायचे ते बैठकीत ठरवू नये. ते तिला विचारावे. कोणी गोदावरीचा घाट सांगेल, कोणी आपल्या नावावर झालेले सोयाबीनचे शेत, कोणी नुसती पांढरी भिंत. ती जे सांगेल ते लावावे आणि मग तिला बोलू द्यावे.